कंपायलर बदलल्यावर बांधणी का मोडते?

माणूस ज्या रूपात आज्ञावली लिहितो त्या रूपात ती संगणकाला कळत नाही. यंत्राला कळते ती केवळ अंकांची भाषा. माणसाला सुचते ती शब्दांची आणि वाक्यांची. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली असते तिला कंपायलर असे म्हणतात. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली युनिव्हॅक यंत्रासाठी ए-० नावाची आज्ञावली तयार करून या दिशेने पाऊल टाकले. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आय. बी. एम. ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर पूर्ण केला. पुढे १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सी भाषेसाठी एक कंपायलर सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला. जीसीसी या नावाने तो आज जगभर वापरला जातो. लिनक्स प्रणालीतील फार मोठा भाग त्याच्याच साहाय्याने बांधला जातो.

दुभाषी सुधारला तर संभाषण अधिक सुकर व्हावे अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा उलट अनुभव येतो. काल जी आज्ञावली बिनतक्रार बांधली गेली, ती आज नव्या कंपायलरपुढे ठेवली असता दोषांची लांबलचक यादी पुढे येते. आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नसते. मग चूक कोणाची? जुन्या आज्ञावलीची की नव्या कंपायलरची? या प्रश्नाचा उलगडा जीसीसीच्या अलीकडील आवृत्त्यांतील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

बांधणीचे चार टप्पे

मूळ संहितेपासून चालू शकणारी आज्ञावली तयार होण्याच्या क्रियेला आपण बांधणी म्हणू. ही क्रिया एका दमात होत नाही; तिचे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मूळ संहितेत उल्लेखिलेल्या हेडर फाइली, म्हणजे घोषणांचे आरंभीचे कागद, आपापल्या जागी आणून चिकटवले जातात. दुसऱ्या टप्प्यात खरे भाषांतर होते आणि यंत्राच्या सांकेतिक भाषेतील मजकूर तयार होतो. तिसऱ्या टप्प्यात त्या मजकुराचे अंकांत रूपांतर होऊन ऑब्जेक्ट फाइल बनते. चौथ्या टप्प्यात लिंकर नावाची दुसरी आज्ञावली अशा अनेक ऑब्जेक्ट फाइली आणि तयार लायब्रऱ्या एकमेकींस जोडते.

ही विभागणी ध्यानात ठेवणे अत्यंत अगत्याचे आहे. कारण दोष कोणत्या टप्प्यावर उत्पन्न झाला हे कळले की त्याचे निम्मे निदान झाले असे समजावयास हरकत नाही. फाइल सापडत नाही अशी तक्रार पहिल्या टप्प्याची असते. नाव अपरिचित आहे किंवा प्रकार जुळत नाही ही तक्रार दुसऱ्या टप्प्याची. एकाच नावाच्या अनेक व्याख्या आढळल्या, किंवा एकही आढळली नाही, ही तक्रार चौथ्या टप्प्याची होय.

एका नावाच्या दोन व्याख्या

मे २०२० मध्ये जीसीसीची दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि अनेक जुन्या आज्ञावल्या चौथ्या टप्प्यावर अडू लागल्या. कारण समजण्यास सोपे आहे. समजा, एखाद्या हेडर फाइलीत ‘गणना’ नावाचे एक चलपद कोणी लिहून ठेवले आणि ते केवळ घोषणेपुरते आहे असे दर्शवणारा ‘एक्स्टर्न’ हा शब्द त्यामागे लावला नाही. ती हेडर फाइल दहा ठिकाणी आणली गेली, की दहा ऑब्जेक्ट फाइलींत ‘गणना’ची दहा चलपदे उत्पन्न होतात. जुना कंपायलर अशा चलपदांना एका सामाईक कप्प्यात टाकीत असे. ही पद्धत फोरट्रान भाषेतील ‘कॉमन’ या सोयीशी जुळणारी होती. लिंकर त्या दहांना एकच समजून काम भागवी. दहाव्या आवृत्तीपासून ही सवलत आपोआप मिळेनाशी झाली. आता प्रत्येक चलपद ही स्वतंत्र व्याख्या मानली जाते, आणि लिंकर एकाच नावाच्या अनेक व्याख्या आढळल्याचे सांगून थांबतो.

लिनक्सच्या केंद्रकाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. केंद्रकाच्या बांधणीत डीटीसी नावाची एक छोटी साहाय्यक आज्ञावली वापरली जाते. तिच्या दोन निरनिराळ्या फाइलींत ‘वायवायलॉक’ या एकाच नावाचे चलपद होते. दहाव्या आवृत्तीने बांधणी करताच जुन्या केंद्रकांची बांधणी तेथे थांबू लागली. उपाय एका ओळीचा होता : दोहोंपैकी अनावश्यक असलेली ओळ २०२० साली काढून टाकण्यात आली.

येथे वाचक विचारील की, जुनी सवलत निरुपद्रवी असताना ती काढून घेण्याचे प्रयोजन काय? ती निरुपद्रवी नव्हती. दोन अपरिचित व्यक्तींनी लिहिलेल्या दोन फाइलींत योगायोगाने एकच नाव आले, तर जुना लिंकर त्या दोन वेगळ्या वस्तूंना स्मृतीतील एकाच जागेत नांदावयास लावी. एकाने लिहिलेली किंमत दुसऱ्याने पुसावी आणि कोणालाही त्याचा पत्ता लागू नये, असा हा प्रकार होता. नव्या कंपायलरने हा दोष निर्माण केला नाही. त्याने तो उजेडात आणला.

न सांगता गृहीत धरलेले

मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीने याहून मोठी उलथापालथ घडवून आणली. तिचे मूळ शोधावयाचे तर अर्धशतक मागे जावे लागते. सी भाषा ही डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन यांच्या बी भाषेवरून विकसित केली. बी भाषेत सर्व राशी एकाच प्रकारच्या असत. म्हणून प्रकार सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ही सवय सी भाषेत उतरली. एखाद्या फंक्शनची घोषणा न करताच त्याला हाक मारली, तर कंपायलर ते ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, परत देत असावे असे गृहीत धरून पुढे जाई.

सी भाषेची जन्मभूमी असलेल्या पीडीपी-११ यंत्रावर पूर्णांक १६ बिटांचा आणि स्मृतीतील पत्ताही १६ बिटांचाच होता. पुढे आलेल्या ३२ बिटांच्या यंत्रांवर बहुधा दोन्ही ३२ बिटांचे होते. मापे सारखी असल्यामुळे पत्ता परत देणाऱ्या फंक्शनला पूर्णांक देणारे समजले तरी बिघडत नसे. परंतु आज लिनक्सच्या ६४ बिटी यंत्रांवर पत्ता ६४ बिटांचा आणि पूर्णांक मात्र ३२ बिटांचाच आहे. अशा वेळी चुकीच्या गृहीतामुळे पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता लहान असेल, म्हणजे स्मृतीच्या पहिल्या २१४,७४,८३,६४८ बाइटांच्या आत असेल, तर काम सुरळीत चालते. त्यापलीकडे असेल तर आज्ञावली भलत्याच जागी जाऊन कोसळते. एकाच्या यंत्रावर कधीही न दिसलेला दोष दुसऱ्याच्या यंत्रावर रोज दिसतो, तो अशा कारणांनी.

सी भाषेच्या १९९९ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ही मुभा रद्द केली होती. तरीही जुन्या संहितेची अडचण होऊ नये म्हणून जीसीसी पुढील पंचवीस वर्षे केवळ इशारा देऊन पुढे जात राहिला. चौदाव्या आवृत्तीने इशाऱ्याचा दोष केला. घोषणा न केलेले फंक्शन, प्रकार न सांगितलेले चलपद, पत्ता व पूर्णांक यांची सरमिसळ आणि न जुळणाऱ्या प्रकारांचे पत्ते या सर्वांवर आता बांधणी थांबते. बहुतेक वेळी उपाय साधा असतो : योग्य ती हेडर फाइल आणावी किंवा प्रकार स्पष्ट लिहावा.

शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी

तिसरा प्रकार सी++ भाषेत वारंवार आढळतो. एखाद्या कुटुंबाने स्वतःची विहीर न खणता शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरावे, आणि एके दिवशी शेजाऱ्याने आपल्या सोयीसाठी विहिरीची जागा बदलावी, तसे येथे होते. एखाद्या आज्ञावलीने ३२ बिटांचा पूर्णांक दर्शवणारे नाव वापरलेले असते. परंतु ते नाव ज्या ‘सीएसटीडीइंट’ हेडर फाइलीत आहे ती फाइल तिने स्वतः आणलेली नसते. दुसऱ्याच एका हेडर फाइलीने ती आपल्या कामासाठी आणलेली असल्यामुळे काम निभावून जाते. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीने आपल्या प्रमाण लायब्ररीतील अशा काही अंतर्गत आणण्या कमी केल्या. त्यासरशी ‘हे नाव माहीत नाही’ अशा तक्रारी ठिकठिकाणी उमटल्या. जी वस्तू आपण वापरतो ती आपणच मागवावी, हा येथील धडा. उपाय एका ओळीचा असतो.

भाषेचे प्रमाणच बदलते तेव्हा

कधी कधी कंपायलर भाषेच्या नव्या प्रमाणाकडे वळतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेली जीसीसीची पंधरावी आवृत्ती, दुसरे काही न सांगितल्यास, सी भाषेचे सी २३ हे प्रमाण धरून चालते. या प्रमाणात ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द झाले. ज्यांनी पूर्वी ‘बूल’ हे नाव स्वतः घडवून वापरले होते त्यांची संहिता आता अडते. तसेच फंक्शनच्या नावापुढे रिकामा कंस लिहिला तर त्याचा जुना अर्थ ‘आदाने सांगितलेली नाहीत’ असा होता. नवा अर्थ ‘आदाने मुळीच नाहीत’ असा आहे. अक्षरे तीच, अर्थ निराळा! अशा वेळी जुने जीएनयू १७ हे प्रमाण वापरण्याची स्पष्ट आज्ञा कंपायलरला देता येते.

याच वर्गात इशाऱ्यांचा एक प्रकार येतो. काही आज्ञावल्यांच्या बांधणीत ‘प्रत्येक इशारा हा दोष समजावा’ अशी अट घातलेली असते. प्रत्येक नवा कंपायलर काही नवे इशारे देऊ लागतो. म्हणून संहितेत काहीही न बिघडता बांधणी मोडते. ही अट आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतःच्या कामापुरती ठेवावी. जी संहिता परक्या यंत्रांवर बांधली जावयाची तिच्यात ती असू नये, हे श्रेयस्कर.

बांधणी होते, पण

येथवर पाहिलेले दोष प्रामाणिक म्हणावयाचे. कारण ते उघडपणे समोर येतात. खरी चिंता करावयाची ती न बोलणाऱ्या दोषांची. त्यांचे दोन नमुने पाहू.

पुष्कळ आज्ञावल्या बांधणीपूर्वी ‘कॉन्फिगर’ नावाची तपासणी चालवतात. एखादी सोय या यंत्रावर आहे काय, हे पाहण्यासाठी ती चार ओळींची चाचणी-संहिता कंपायलरला देते. ती बांधली गेली तर सोय आहे; न बांधली गेली तर नाही. आता या चाचणी-संहिताच जुन्या काळी, प्रकार न सांगता आणि हेडर फाइल न आणता लिहिलेल्या असल्या, तर चौदावी आवृत्ती त्या नाकारते. सोय यंत्रावर असूनही तपासणी ‘नाही’ असा निष्कर्ष काढते. बांधणी यशस्वी होते. मात्र तयार झालेल्या आज्ञावलीतून एखादी सोय, प्रसंगी सुरक्षिततेची सोयसुद्धा, गळालेली असते. हा धोका ओळखून फेडोरा या लिनक्स वितरणाच्या कार्यकर्त्यांनी चौदावी आवृत्ती येण्यापूर्वीच अशा जुन्या संहिता शोधून दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले होते. सामान्य उपाय असा की, जुन्या आणि नव्या कंपायलरने केलेल्या तपासणीचे अहवाल शेजारी ठेवून ओळीस ओळ लावून पाहावी.

दुसरा नमुना कंपायलरच्या चतुराईचा आहे. आज्ञावली वेगवान व्हावी म्हणून कंपायलर अनावश्यक वाटणारी कामे वगळतो. आणि काय अनावश्यक आहे हे तो भाषेच्या नियमांवरून ठरवतो. सी++ भाषेत वस्तूचे फंक्शन चालू असता त्या वस्तूचा पत्ता शून्य असू शकत नाही, असा नियम आहे. काही संहितांत तरीही ‘हा पत्ता शून्य आहे काय’ अशी तपासणी केलेली असे. २०१६ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीने नियमाचा आधार घेऊन अशा तपासण्या गाळण्यास आरंभ केला. परिणामी क्यूटी-५, क्रोमियम आणि केडेव्हलप या नामांकित आज्ञावल्यांतही बिघाड उद्भवल्याची नोंद जीसीसीच्या बदलपत्रकातच आहे. बांधणी निर्वेध झाली म्हणजे काम संपले, असे कधीही समजू नये, ते एवढ्यासाठी.

दोषशोधनाचा क्रम

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम जुनी बांधणी संपूर्णपणे काढून टाकावी आणि रिकाम्या जागेत आरंभ करावा. जुन्या कंपायलरच्या ऑब्जेक्ट फाइली नव्यांबरोबर जोडल्या गेल्या तर भलतेच दोष दिसतात. २०१५ सालच्या पाचव्या आवृत्तीने सी++ मधील अक्षरमाला व यादी यांची अंतर्गत रचना नव्या प्रमाणाला अनुसरून बदलली. तेव्हा जुन्या रचनेच्या लायब्रऱ्या आणि नव्या रचनेच्या ऑब्जेक्ट फाइली यांची गाठ पडून, ‘व्याख्या सापडत नाही’ असे लिंकर सांगू लागला. उपाय एकच होता : संबंधित सर्व भाग एकाच रचनेने पुन्हा बांधणे.

दुसरे असे की, अनेक कामे एकाच वेळी चालवू नयेत. एकामागून एक चालवावीत, म्हणजे संदेशांची सरमिसळ होणार नाही. तिसरे, यादीतील पहिला दोष वाचावा, शेवटचा नव्हे. एक घोषणा चुकली की तिच्यावर अवलंबून असलेल्या शंभर ओळी सदोष दिसतात. मूळ दुरुस्त झाले की त्या शंभर तक्रारी आपोआप मिटतात.

चौथे, तीच संहिता त्याच यंत्रावर जुन्या कंपायलरने पुन्हा बांधून पाहावी. तीही मोडली तर दोष कंपायलरच्या बदलाचा नाही. त्याच वेळी बदललेल्या एखाद्या लायब्ररीचा असावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे.

पाचवे, जीसीसीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध होणारी स्थलांतर-पत्रिका वाचावी. कोणत्या बदलामुळे कोणता संदेश दिसेल आणि त्यावर उपाय कोणता, हे तीत दिलेले असते. सहावे, कंपायलरवर संशय शेवटी घ्यावा. कंपायलरमध्येही दोष असतात, नाही असे नाही. तो स्वतः कोसळला तर ‘कंपायलरचा अंतर्गत दोष’ अशा स्वच्छ शब्दांत सांगतो. अशा वेळी संहितेचा निम्मा निम्मा भाग वगळीत जाऊन, दोष दाखवणारा लहानात लहान नमुना तयार करावा आणि तो कंपायलरच्या कर्त्यांकडे पाठवावा. हे काटछाटीचे काम आपोआप करणारी सी-रिड्यूस नावाची आज्ञावली यूटा विद्यापीठात तयार झाली आहे.

तात्पुरता उपाय आणि खरा उपाय

वर सांगितलेल्या बहुतेक बदलांसाठी जीसीसीने माघारीची वाट ठेवली आहे. सामाईक कप्प्याची जुनी पद्धत ‘एफ-कॉमन’ या पर्यायाने परत मिळते. चौदाव्या आवृत्तीचे नवे दोष ‘एफ-परमिसिव्ह’ या पर्यायाने पुन्हा इशारे होतात. हे पर्याय निदानासाठी फार उपयुक्त आहेत. पर्याय देताच बांधणी झाली, तर दोषाचे कारण निश्चित झाले असे समजावे. काम अडून राहू नये म्हणून काही दिवस त्यांचा आधार घेण्यातही वावगे नाही.

परंतु तापाचा पारा उतरवणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे. कापला जाणारा पत्ता इशारा दडपल्याने पुरा होत नाही. एका जागेत कोंबलेली दोन चलपदे पर्याय दिल्याने वेगळी होत नाहीत. ज्याने संहिता लिहिली तो पुष्कळदा दुसऱ्या कामाला लागलेला असतो, आणि ती सांभाळणारा आपला फावला वेळ देऊन ते काम करीत असतो. म्हणून ज्याला दोष सापडला त्याने दुरुस्ती करावी, जुन्या व नव्या अशा दोन्ही कंपायलरांवर ती बांधून चाचण्या चालवाव्यात, आणि ती दुरुस्ती मूळ संहितेच्या सांभाळकर्त्याकडे पाठवावी. असे केले म्हणजे तोच दोष शंभर ठिकाणी शंभर जणांना पुन्हा शोधावा लागत नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. कंपायलर बदलल्यावर मोडणारी आज्ञावली बहुधा आधीपासूनच कोठेतरी नियमाबाहेर असते, किंवा नियमांनाच काळाबरोबर नवे रूप आलेले असते. दोन्ही वेळी नवा कंपायलर ती गोष्ट आपल्या निदर्शनास आणतो. त्याचा संदेश तक्रार म्हणून न वाचता परीक्षकाचा शेरा म्हणून वाचला, तर पहिल्या ओळीपासूनच दुरुस्तीची वाट दिसू लागते.